मे महिन्याची सुट्टी आणि लाटेचा हंगाम

सर्फिंगला जायचं मनात आलं की आपण पहिली चौकशी तिकिटाची करतो. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : मी जाईन त्या आठवड्यात तिथला समुद्र कसा असेल? संगमनेरसारख्या पठारावरच्या गावात राहणाऱ्यांना हा प्रश्न सुचतच नाही, कारण आपल्या सुट्ट्या शाळा, ऊस आणि कांदा ठरवतात. लांब सुट्टी दोनदाच मिळते, दिवाळीत आणि मे महिन्यात. समुद्राचा हंगाम निराळा चालतो. त्या दोन सुट्ट्या समुद्राच्या हंगामात कुठे बसतात हे एकदा समजलं, तर पुढचं सगळं नियोजन सोपं होतं.

माझं मत आधीच सांगतो. दिवाळीत गोव्याला जाऊन फळीवर उभं राहायला शिका. त्यात गोडी लागली तर पुढच्या मे महिन्यात अटलांटिकमधल्या आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जा. संगमनेर, नाशिक, पुण्याकडची कितीतरी मुलं शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी डब्लिन, कॉर्क, गॉलवेला आहेत. घरातलं कुणी तिथे असेल तर आई-वडिलांची भेट आणि सर्फिंग एकाच प्रवासात होतं. बेट खडकाळ आहे, पाणी थंड आहे, पाऊस कधीही येतो. तरीही नवख्या माणसाला मे महिन्यात आपल्या किनाऱ्यापेक्षा तिथे शिकणं सोयीचं जातं. असं का, ते आधी पाहू.

किनाऱ्यावर येणारी लाट बहुतेक वेळा तिथल्या वाऱ्याची नसते. दूर समुद्रात वादळी वाऱ्याने उठलेल्या लाटा शेकडो, कधी हजारो किलोमीटर प्रवास करत येतात. प्रवासात त्या नीटनेटक्या होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि ओळीने एकामागून एक किनाऱ्याला लागतात. सर्फिंगला हवी असते ती ही लाट. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पटीइतकं पाणी खाली उरलं की ती फुटते. म्हणून तळाला वाळू आहे की खडक, उतार सावकाश आहे की एकदम, यावर लाट कशी फुटणार ते ठरतं. नवख्याला वाळूचा, सावकाश उथळ होत जाणारा किनाराच हवा. हवामानाच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर सेकंदांचा आकडा असतो. दोन लाटांमध्ये किती वेळ जातो, ते तो सांगतो. एक मीटरची आठ सेकंदांची लाट आणि एक मीटरची चौदा सेकंदांची लाट यांच्या ताकदीत फार फरक असतो. दुसरी लांबून येते आणि किनाऱ्याजवळ अंदाजापेक्षा उंच उठते. आपल्या किनाऱ्यासाठी हे आकडे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था रोज देते. लांबून आलेल्या लाटांमुळे किनाऱ्यावर पाणी चढण्याचा धोका असेल तर तसा इशाराही तीच देते. जाण्याच्या आठवड्यात तो अंदाज पाहायची सवय लावून घ्या.

आता आपला मे महिना. नैर्ऋत्य मोसमी वारे जवळ येऊ लागतात तसा अरबी समुद्र फुगत जातो. महाराष्ट्रात २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद असते. जून आणि जुलैमध्ये मासेमारीही बंद. मेच्या अखेरीला कर्नाटकच्या किनाऱ्यावर लाटा चांगल्या असतात, पण त्या मुरलेल्या सर्फरसाठी. मंगळुरूजवळच्या मुलकीला शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात. तिथल्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०१६ साली पहिली ‘इंडियन ओपन ऑफ सर्फिंग’ स्पर्धा झाली ती मेच्या शेवटच्या दिवसांत, हे लक्षात घ्या. स्पर्धकांना जो समुद्र हवा असतो तो पहिल्यांदा फळीवर झोपणाऱ्या माणसाचा नव्हे. मे महिन्यातच आणि देशातच शिकायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा आणि सकाळचेच तास घ्या.

दिवाळी मात्र आपल्या बाजूची. पाऊस ओसरलेला असतो, समुद्र खाली बसलेला असतो, तरी त्यात थोडी लाट शिल्लक असते. कमरेएवढी लाट, उबदार पाणी आणि खाली वाळू म्हणजे शिकण्याची उत्तम जागा. गोव्यात उत्तरेला हरमल, मांद्रे, आश्वे आणि दक्षिणेला आगोंद या किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा ऑक्टोबरपासून सुरू होतात. नाताळात जाऊ नका. लाट लहान असते आणि गर्दीत फळी कुणाला लागेल याचीच धास्ती राहते. मुलकीचा मार्गही चांगला आहे. भारतात सर्फिंग शिकवण्याची सुरुवात झाली त्यात मुलकीचं नाव अगदी आधी येतं, तिथला मंत्रा सर्फ क्लब २००४ पासूनचा आहे. संगमनेरला रेल्वे नाही, पण सत्तर किलोमीटरवरच्या नाशिकरोडला दिल्लीहून येणारी मंगला एक्स्प्रेस मिळते आणि ती कोकण रेल्वेने मडगाव, उडुपी करत मंगळुरूला जाते. दिवाळीचं आरक्षण मात्र खिडकी उघडेल त्या दिवशी काढा.

याच्याही आधी पोहणं. आपल्याकडचे लोक विहिरीत शिकतात, पाठीला डबा किंवा पांगाऱ्याची पेटी बांधून. काठावरून सूर मारता येतो, बुडी मारून तळाची माती काढता येते. पण विहिरीत दहा हात मारले की कठडा येतो. समुद्रात कठडा नसतो. सलग दोनशे मीटर पोहता यायला हवं, आणि पाय न टेकता पाच मिनिटं जागेवर तरंगता यायला हवं. हे जमेपर्यंत सर्फिंगचं तिकीट काढू नये, असं मी स्पष्ट सांगेन. सराव तलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली करा. प्रवरा नदीच्या पात्रात नको, वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. कालव्यात तर मुळीच नको. तिथल्या गुळगुळीत उतारावरून बाहेर येणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही.

घरी करण्यासारखा दुसरा सराव म्हणजे सूर्यनमस्कार. फळीवर पालथं झोपून हातांनी पाणी मारायचं, लाटेने उचललं की छाती वर घेऊन एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे, ही क्रिया अर्ध्याहून अधिक सूर्यनमस्कारात येऊन जाते. रोजचे बारा घालणाऱ्याला पहिल्या तासातच फरक जाणवेल. खांदे तयार नसतील तर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत आणि सहलीचा निम्मा वेळ किनाऱ्यावर बसून जातो.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या माणसाच्या तोंडात असतं, आपल्याला ते मुद्दाम शिकावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मुंबई आणि उत्तर कोकणासाठी हा हिशेब चालतो, दक्षिणेकडे वेळ थोडी अलीकडे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला कमी. मुंबईला उधाणाचा चढउतार चार-पाच मीटरांपर्यंत जातो, गोव्यात तो दोन मीटरांच्या घरात असतो. शिकणाऱ्याने शक्य असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत, म्हणजे सकाळी पाहिलेला किनारा दुपारी ओळखू येईल. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे इथे कामाला येतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेचा माथा सरळ ठेवतो. दुपारी खारा वारा सुटला की तीच लाट विस्कटते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर तास सकाळी लवकरचाच मागावा.

आता आयर्लंड. उत्तर अटलांटिकमध्ये न्यूफाउंडलंड ते आइसलंड या पट्ट्यात वर्षभर कमी दाबाची वादळं फिरत असतात. त्यांनी उठवलेल्या लाटांना पूर्वेकडे पहिली मोठी जमीन लागते ती आयर्लंडची. हिवाळ्यात स्लायगो परगण्यातल्या मुल्लाघमोरला उठणाऱ्या लाटा पाहायला जगभरातून लोक येतात. त्या लाटा काठावरून पाहाव्यात, तिथे उतरायचा विचारही करू नये. मेपासून वादळं कमी होतात, लाटांचा जोर उतरतो आणि वाळूच्या किनाऱ्यांवर शिकणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. मे महिन्यात उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो. सकाळ पावसात गेली तरी संध्याकाळी पाण्यात उतरता येतं, हा मोठाच फायदा. सप्टेंबर महिना आणखी चांगला, पाणी वर्षातलं सगळ्यात उबदार असतं आणि लाटही बरी असते, पण तेव्हा आपल्याकडे सुट्टी नसते. दिवाळीत तिकडे जाऊ नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

मे महिन्यात तिथलं पाणी अकरा-बारा अंश सेल्सिअस असतं. हा आकडा वाचून मागे फिरू नका. जाड रबराचा अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घालूनच पाण्यात उतरतात आणि तो तिथली शाळा देते. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि सूट ती ऊब धरून ठेवतो. सूट घट्ट असायला हवा, सैल असेल तर थंड पाणी सतत आत येत राहतं. म्हणून पहिला दिलेला सूट ढिला वाटला तर न लाजता दुसरा मागा. पायांसाठी बूटही घ्या. आपल्याकडच्या बायकांना किनाऱ्यावर कपड्यांचा जो संकोच वाटतो तो इथे उरतच नाही, मनगटापासून घोट्यापर्यंत सगळे सारख्याच काळ्या पोशाखात असतात. गोव्यात शिकताना पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा अंगरखा आणि लेगिंग्ज घालाव्यात. ऊन आणि फळीचं घासणं दोन्हीपासून अंग वाचतं.

गाव एकच निवडा. आपल्याकडच्या सहलीत आठ दिवसांत बारा ठिकाणं बसवायची सवय असते, ती इथे सोडावी लागते. पाच दिवसांतले दोन दिवस वारा, पाऊस किंवा सपाट समुद्र यांत जाणार हे गृहीत धरून सलग सहा-सात मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. पश्चिम किनाऱ्याने जाणारा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा रस्ता अडीच हजार किलोमीटरचा आहे. तो पाहण्यासारखा आहेच, पण सर्फिंगच्या सहलीत तो बसत नाही.

कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांनी क्लेअर परगण्यातलं लाहिंच निवडावं असं माझं मत आहे. वाळूचा रुंद किनारा, शिकवणाऱ्या शाळा, राहण्याच्या स्वस्त-महाग सगळ्या सोयी आणि पाण्यात न उतरणाऱ्या आई-वडिलांसाठी समुद्रालगतचा पायरस्ता. मोहरचे कडे जवळच आहेत. सर्वात उंच ठिकाणी ते दोनशे चौदा मीटर सरळ समुद्रात उतरतात. लाहिंचला एकच गोष्ट सांभाळायची. पूर्ण भरतीला किनारा जवळजवळ नाहीसा होतो आणि लाट थेट दगडी बांधावर आदळते. भरतीच्या आधी-नंतरच्या दोन तासांत नवख्याने पाण्यात राहू नये. उधाणाचा चढउतार तिथेही चार-पाच मीटरांचा असतो. आपलं पंचांग तिथे उधाणाचा दिवस बरोबर सांगतं, पण वेळेचा पाऊणपटीचा हिशेब तिथे लागू पडत नाही. गावातल्या दुकानात मिळणारं भरतीचं छापील वेळापत्रक घ्या.

गाडी चालवायची नसेल तर स्लायगोचा विचार करा. डब्लिनहून रेल्वेने सुमारे तीन तास, आणि तिथून आठ किलोमीटरवर स्ट्रँडहिल, बसने जाता येतं. लाटा चांगल्या, गाव लहान, मागे नॉकनारी नावाचा डोंगर आणि माथ्यावर प्राचीन दगडांची मोठी रास. पण स्ट्रँडहिलच्या पाण्यात ओढ फार आहे, नुसतं पोहायला तिथे उतरू नये. सर्फिंगही शाळेबरोबरच करावं. डोनेगॉलमधलं बंडोरन नावाजलेलं आहे, मात्र त्याची प्रसिद्ध लाट खडकावर फुटते. नवख्यांनी त्याच गावाजवळच्या टलन या वाळूच्या किनाऱ्यावर राहावं.

पाण्याची ओढ हा विषय दोन्ही देशांत सारखाच महत्त्वाचा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या वाटेने एकवटतं आणि वेगाने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं, आणि नेमका तोच भाग पोहायला बरा वाटतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. फळी सोडू नका, ती तरंगते आणि पायाला दोरीने बांधलेली असते. किनाऱ्याला समांतर सरका, ओढ संपली की लाटांबरोबर बाहेर या. दमला असाल तर फळीवर पालथं राहून हात वर करा. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग जीवरक्षकांच्या नजरेत असतो, लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. आयर्लंडमध्ये जीवरक्षक साधारण जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतात. मे महिन्यात बहुतेक किनाऱ्यांवर कुणी नसतं, म्हणून मे महिन्यात फळी भाड्याने घेऊन स्वतःच्या जोरावर उतरू नका, शिक्षकाबरोबरच जा. अडचणीत तिथला क्रमांक ११२, आणि बोलताना तटरक्षक दल मागायचं.

कागदपत्रांना वेळ लागतो. आयर्लंड शेंजेन गटात नाही, त्याचा व्हिसा वेगळा. नव्वद दिवसांपर्यंतच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरून कागद व्हिसा केंद्रात द्यावे लागतात. एका प्रवेशाची फी साठ युरो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि मे महिन्यासाठी तो फेब्रुवारीतच करावा. सहा महिन्यांचा बँकेचा शिक्का मारलेला खातेउतारा, रजेचं पत्र, आयकर विवरणपत्रं, तिथल्या नातेवाइकाचं निमंत्रणपत्र आणि त्याच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा. शेतकरी कुटुंबांसाठी दोन गोष्टी खास. सातबारा आणि फेरफार मराठीत असतात, त्यांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. दुसरी, खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की व्हिसा अधिकाऱ्याला शंका येते. उसाचं पेमेंट तर एकरकमीच येतं. म्हणून कारखान्याची बिलं, दूध संघाची पावती, बाजार समितीची हिशेबपट्टी सोबत लावा आणि पैसा कुठून आला ते एका पानाच्या पत्रात साध्या शब्दांत लिहा.

विमान मुंबईहून आखातमार्गे घ्यावं. लंडनमार्गे गेल्यास ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाची भानगड उभी राहू शकते. तिथे गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवा. संगमनेर तालुका श्रीरामपूरच्या आरटीओकडे येतो, परवाना एक वर्ष चालतो. आयर्लंडमध्येही गाडी डाव्या बाजूनेच चालवतात, पण क्लेअरचे रस्ते अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना दगडी बांध. लहान गाडी घ्या. प्रवास विमा काढताना सर्फिंग त्यात धरलेलं आहे का, ते लेखी विचारा. पुष्कळ विमे पाण्यातले खेळ वगळतात.

सामानात काय न्यायचं यावरून प्रत्येक घरात वाद होतो. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे लेकासाठी घेतलेलं साजूक तूप, पेढे, खवा सगळं घरीच ठेवायचं. मे महिन्यात हापूसची पेटी न्यावी असं हमखास वाटतं, पण ताज्या फळांना तिथे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तीही नाही. मेतकूट, चटण्या, भाजणी, तेलातलं लोणचं चालतं. समुद्रातून बाहेर आल्यावर जी भूक लागते तिला तिथलं गरम बटाट्याचं सूप आणि जाडसर गव्हाचा ब्राउन ब्रेड पुरतो. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही.

कुणी विचारेल, खडकाळ बेटच हवं तर अंदमान का नको? व्हिसा लागत नाही हे खरं. लिटल अंदमानच्या लाटा देशात नावाजलेल्या आहेत. पण त्या बऱ्याच ठिकाणी प्रवाळावर फुटतात, श्री विजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) बोटीचा लांबचा प्रवास आहे, खाडीत मगरी आहेत, आणि बेटाचा मोठा भाग ओंगे आदिवासींसाठी राखीव असल्याने तिथे जाता येत नाही. चांगलं सर्फिंग येऊ लागल्यावर, मुरलेल्या सोबत्यांबरोबर जाण्याची ती जागा.

यंदा दिवाळीत गोव्याला जायचं असेल तर पोहण्याचा सराव आजपासून सुरू करा, पासपोर्टची मुदत तपासा, आणि आयर्लंडला असलेल्या भाचीला किंवा पुतण्याला फोन करून विचारा की मे महिन्यात त्याला आठवडाभर रजा मिळेल का. त्याच्या रजेवर तुमच्या तारखा ठरतील, आणि तारखा ठरल्या की पंचांगात त्या आठवड्यातली अष्टमी शोधा.